चीक, विरी, येसर : करून पाहिलेले तीन शब्द

गेली चौदा-पंधरा वर्षं मी जालना जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांतले शब्द जमवते आहे. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं आणि नोकरी एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची. भाषेचं आणि अन्नाचं शास्त्र पुस्तकं मागवून, जाणत्यांना विचारून, जमेल तसं शिकत गेले. भोकरदनपासून परतूरपर्यंत आणि जाफराबादपासून अंबडपर्यंत जिथं नातं किंवा ओळख निघेल तिथं वही घेऊन बसायचं, असा हा उद्योग आहे. सुरुवातीच्या वह्यांत डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ एवढंच असे. 'चीक : गव्हाचं सत्त्व.' 'येसर : आमटीला लावायचं भाजलेल्या धान्याचं पीठ.' हे अर्थ बरोबरच आहेत. पण ते वाचून कुणाला कुरडई घालता येणार नाही की आमटी करता येणार नाही. म्हणून पुढे एक नियम केला. जो पदार्थ स्वतःच्या घरात पहिल्यापासून केला नाही, त्याचा शब्द पक्क्या वहीत चढवायचा नाही. पहिल्यापासून म्हणजे गहू निवडण्यापासून, ज्वारी दळून आणण्यापासून, धने भाजण्यापासून.

या लेखासाठी त्या वहीतले तीनच शब्द घेतले आहेत. त्यांच्या आधारानं मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. आपल्याकडे पाककृती विचारली की 'अंदाजानं घालायचं', 'हाताला कळतं' अशी उत्तरं मिळतात आणि शिकलेली माणसं त्यावर हसतात. प्रत्यक्ष करायला घेतलं की दिसतं, 'अंदाज' म्हणजे ढिसाळपणा नव्हे. ती कसोटी असते. आकडा एका गावापुरता, एका ऋतूपुरता खरा असतो. कसोटी सगळीकडे चालते. आणि ही कसोटी बहुतेक वेळा एका बाईकडून दुसरीकडे जाते ती दोघी एका पातेल्याशी उभ्या असताना.

चीक

हा शब्द मराठीत तीन ठिकाणी भेटतो. रुईचं पान तोडलं की देठातून येतो तो चीक. गाय व्याली की पहिल्या दिवसांत निघणारं घट्ट दूध, तोही चीक. त्याचा खरवस होतो. आणि भिजवलेला गहू वाटून पिळला की निघतो तो गव्हाचा चीक. तिन्ही पांढरे, दाट आणि बोटाला चिकटणारे. शास्त्राच्या दृष्टीनं तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. रुईच्या चिकात विष आहे, खरवसाच्या चिकात प्रथिनं आहेत आणि गव्हाच्या चिकात जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. पण शब्द ज्यांनी घडवला त्यांनी बोट लावून घडवला.

कुरडईची कृती जिल्ह्यात कुठंही विचारा, पहिलं वाक्य एकच येतं : गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचे, चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वर निवळ आलेली असते ती ओतून टाकायची आणि तळाशी बसलेला घट्ट चीक हाटायचा, म्हणजे शिजवायचा. गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या आणि उन्हात वाळवायच्या.

तीनच दिवस का, हे मला पाहायचं होतं. चैत्रात लोकवन गहू आणला आणि अर्धा-अर्धा किलो पाच पातेल्यांत भिजत घातला. एक पातेलं एका दिवसानं वाटायचं, दुसरं दोन दिवसांनी, असं पाचव्यापर्यंत. (जाता जाता : बाजारात आपण ज्याला 'लोकवन' म्हणतो तो गव्हाचा वाण म्हणजे 'लोक-१'. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला. इंग्रजी 'वन' आपल्या तोंडी बसला आणि त्याचं रान झालं.) एका दिवसाचा गहू फुगलेला होता, पण मध्ये कणी शिल्लक होती, चोथा जास्त, चीक कमी. दोन दिवसांचा बरा निघाला. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यायचं आणि बोटांत नुसतं साल उरायचं. चौथ्या दिवशी आंबट वास वाढला, चीक मात्र तेवढाच. पाचव्या दिवसाचा वास माजघरापर्यंत गेला, चीक सैल बसला, आणि त्याच्या कुरडया वाळताना तुकडे झाल्या. तळल्यावर त्या पांढऱ्या राहिल्या नाहीत, तांबूस झाल्या.

यामागचं कारण सोपं आहे. भिजलेल्या दाण्यात दोन कामं एकदम चालतात. पाणी शिरून दाणा मऊ होतो, आणि पाण्यात वाढणारे जिवाणू आंबटपणा आणतात. त्या आंबटपणानं स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळीतून सुटे व्हायला मदत होते. इथपर्यंत फायदा आहे. पण ओल मिळालेला दाणा रुजायच्या तयारीला लागतो आणि स्टार्च मोडून साखर करणारी पाचकद्रव्यं कामाला लागतात. जास्त दिवस झाले की कण खराब होतात. साखर तेलात लाल होते, म्हणून कुरडई तांबूस येते. रोज पाणी बदलण्याचा हेतू हाच की आंबणं हाताबाहेर जाऊ नये.

हाच प्रयोग मी पौषात पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी दाण्यात कणी तशीच होती. चिमटीत दूध आलं ते पाचव्या दिवशी. म्हणजे 'तीन दिवस' हा आकडा चैत्र-वैशाखातल्या जालन्याचा आहे. खरी सूचना आकड्यात नसून चिमटीत आहे : दाणा दाबल्यावर साल रिकामं झालं पाहिजे. जुन्या बायका तीन दिवस सांगतात आणि करताना दाणा दाबून पाहतात. आपण लिहून घेताना फक्त पहिला भाग लिहितो.

या कामाला जोड सापडली ती फार लांब. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो यानं शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात स्टार्च करण्याची कृती आहे : चांगला गहू निवडून कुंडात घालायचा, दिवसातून दोनदा पाणी घालायचं, दहाव्या दिवशी पाणी काढून चांगला कुस्करायचा, नव्या तागाच्या पिशवीत घालून दुधासारखा रस पिळायचा आणि तो उन्हात वाळवायचा. कुरडई घालणाऱ्या कुठल्याही बाईला हे वाचून दाखवा, ती दहा दिवसांवर अडेल आणि बाकी सगळं मान्य करेल. ग्रीक लोक या पदार्थाला 'अमिलोन' म्हणत, म्हणजे जात्यात न दळलेलं. रसायनशास्त्रातले अमायलोज आणि अमायलेज हे शब्द तिथूनच आले. चीक आणि अमिलोन यांचं एकमेकांपासून घेणं-देणं झालं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. गहू, पाणी, फडकं आणि ऊन जिथं आहे तिथं माणसाला ही वाट सापडू शकते, एवढंच.

पिळल्यावर चिकाबरोबर जे वेगळं होतं तेही पाहण्यासारखं आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरातले विद्वान बेकारी यांनी गव्हाचं पीठ पाण्यानं धुऊन त्याचे दोन भाग वेगळे केल्याचं लिहिलं; तो निबंध १७४५ साली छापला गेला. एक भाग स्टार्चचा आणि दुसरा रबरासारखा, ताणला जाणारा. या दुसऱ्या भागाला आज ग्लूटेन म्हणतात. पोळी ताणली जाते ती त्याच्यामुळे. चीन आणि जपानमध्ये पीठ धुऊन हा ताणाचा भाग ठेवतात आणि त्याचे पदार्थ करतात. आपण उलट करतो. स्टार्च ठेवतो, आणि ताण चोथ्याबरोबर निघून जातो. चोथाही वाया जात नाही. त्यात तिखट, लसूण, तीळ घालून भुसवड्या घालतात, नाहीतर तो गुरांपुढं जातो.

शिजवण्याची पायरी सगळ्यात अवघड. जेवढा घट्ट चीक तेवढं पाणी, त्यात मीठ आणि हिंग. पाणी खळखळलं की एकीनं चीक धारेनं सोडायचा आणि दुसरीनं न थांबता हाटायचं. चीक आधी पांढरा असतो, मग जड होतो, मग त्याचा पांढरेपणा जाऊन तो काचेसारखा दिसायला लागतो. याला आमच्याकडं 'चीक फिरला' म्हणतात. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगले, फुटले आणि एकमेकांत मिसळले, ही घटना 'फिरला' या एका शब्दात आहे. झाकण ठेवून एक वाफ काढली आणि ओलं बोट लावून पाहिलं की ते चिकटत नाही. तसा झाला की लगेच सोऱ्यात भरायचा. निवला तर तो पुन्हा घट्ट बांधला जातो आणि सोऱ्या दाबला जात नाही.

वाळलेली कुरडई काचेसारखी कडक असते, तरी तिच्यात थोडी ओल उरलेली असते. कडक तापलेल्या तेलात पडली की ती ओल वाफ होते, त्याच क्षणी स्टार्च मऊ पडतो आणि वाफ त्याला फुगवते. दुसऱ्या क्षणाला ती फुगलेली जाळी कडक होते. तेल कमी तापलेलं असलं तर वाफ हळूहळू निसटून जाते आणि कुरडई तेल पिऊन बसते. घरातली पोरं ज्याची वाट पाहतात ते फुलणं दोन-तीन सेकंदांचं असतं. त्याच्या मागं गहू भिजत घालण्यापासून डबा भरेपर्यंत आठवडा गेलेला असतो.

विरी

कुरडईत गव्हातला ताण काढून टाकायचा असतो. भाकरीत उलटा प्रश्न आहे : ज्वारीत ताण मुळातच नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, तरी आपण तिची परातभर गोल भाकरी हातावर थापतो. ती एकसंध राहते कशानं? याचं उत्तर विरी या शब्दात आहे. पिठाच्या अंगचा धरून ठेवण्याचा गुण म्हणजे विरी. 'पिठाची विरी गेली' म्हणजे भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना मोडते.

एकाच दळणाचं पीठ डब्यात ठेवून मी महिनाभर दर आठवड्याला एकाच पद्धतीनं भाकरी केली. पीठ, पाणी, परात, तवा तेच. पहिल्या दिवशी साध्या पाण्यात मळलेलं पीठही थापलं गेलं. आठवड्यानं फरक जाणवला नाही. पंधरवड्यानं कडांना चिरा पडू लागल्या. महिन्याच्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड काढावी लागली, आणि चवीत किंचित कडवटपणा उतरला. कडवटपणाचं कारण समजण्यासारखं आहे. ज्वारीच्या दाण्यातल्या अंकुरात तेल असतं. दाणा अखंड असेपर्यंत ते सुरक्षित राहतं. दळलं की हवेला लागतं आणि हळूहळू खवट होतं. उकळत्या पाण्याचा उपयोगही समजतो. त्यानं थोडा स्टार्च तिथंच शिजतो, चीक फिरतो तसा फिरतो, आणि गेलेल्या विरीची जागा घेतो. एका स्वयंपाकघरातल्या दोन लांबच्या कामांत एकच युक्ती आहे, हे मला परातीपाशीच कळलं.

घरोघरी जातं होतं तेव्हा रोजचं पीठ रोज निघे. विरी जाण्याएवढं पीठ टिकतच नसे. गिरणी आली, पंधरा दिवसांचं दळण एकदम होऊ लागलं, आणि माझा तर्क असा की विरीचा शब्द तेव्हापासून जास्त बोलला जाऊ लागला. आता पिठाच्या पुड्या मिळतात. पुडीवर दळल्याची आणि वापराची तारीख असते. पीठ खाण्याजोगं आहे का ते तारखेवरून समजतं, थापण्याजोगं आहे का ते समजत नाही.

विरी फक्त पिठाच्या वयावर नाही, दाण्यावरही आहे, आणि इथं 'पहिल्यापासून' या शब्दाची हद्द शेतापर्यंत जाते. जालना बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको ही कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच १९६४ मध्ये देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. या संकरित वाणांनी पावसाळी ज्वारीचं उत्पन्न वाढवलं. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली त्यांना उत्पन्न वाढणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण खरीप ज्वारीचा दाणा भरताना पाऊस लागला तर तो काळा पडतो. बायका अशा ज्वारीला आजही सरसकट 'हायब्रीड' म्हणतात आणि भाकरीला शाळू मागतात. शाळू रब्बीचा. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत राहिलेल्या ओलीवर तो येतो, कोरड्या हवेत पिकतो, म्हणून दाणा मोत्यासारखा पांढरा राहतो. मालदांडी ३५-१ हा त्यातला नावाजलेला वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात देशी मालदांडीतून निवडलेला आहे. भूक भागवणारी ज्वारी आणि विरीची ज्वारी या दोघींनी वेगवेगळी कामं केली. त्यांतल्या एकीला नावं ठेवून दुसरीचं कौतुक करणं मला पटत नाही.

येसर

तिसरा शब्द मराठवाड्याबाहेर फारसा ऐकू येत नाही. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं पीठ. गहू, बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद. त्यात धने, जिरे, सुंठ, मिरे, लवंग, दगडफूल, हळद, सुकी मिरची. कुणाकडं खोबरं असतं, कुणाकडं नसतं. मी लिहून घेतलेल्या कृतींत कुठल्याही दोन घरांचं प्रमाण सारखं नाही. दोन सख्ख्या जावांचंही नाही. आमटी मात्र ओळखीची लागते : पातळ, काळपट, वरती तेलाचा तवंग, आणि भाकरी कुस्करून खायची.

प्रमाण बदलूनही आमटी तीच कशी, हे पाहण्यासाठी मी दोन येसर केले. साहित्य आणि वजन एकच. एकात सगळं नीट भाजलेलं, दुसऱ्यात धान्य कच्चं दळून फक्त मसाला भाजलेला. कच्च्या पिठाचा येसर उकळत्या आमटीत पडताच गुठळ्या झाल्या, आणि विरघळवल्यावर आमटी पिठल्यासारखी लापट झाली. भाजलेल्या येसराला गुठळी धरली नाही, दाटपणाही बेताचाच आला. कोरड्या आचेवर स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात, त्यामुळे त्याची घट्ट करण्याची ताकद कमी होते आणि पाण्यात मिसळणं सोपं होतं. खमंग वासही त्याच आचेचा. म्हणजे येसराचा प्राण प्रमाणात नाही, भाजण्यात आहे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं हा नियम मात्र सगळ्या घरांत सारखा. उडीद लवकर करपतो, गहू वेळ घेतो. एकत्र टाकले तर एक जळतो आणि दुसरा कच्चा राहतो. गहू झाला का हे घड्याळ सांगत नाही. दाणा तडतडायचा थांबतो आणि दाताखाली कटकन फुटतो, तेव्हा तो झाला.

भाजल्यानं धान्यातली ओल जाते, किडीची अंडी मरतात, आणि पीठ टिकतं. हा गुण आमच्या भागात शोभेचा नव्हता. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. भाजी नसलेले महिने ठरलेलेच. मूठभर येसर, पाणी, मीठ आणि चुलीवरची उकळी, एवढ्यावर दहा माणसांचं कोरड्यास होतं. आज हीच आमटी लग्नाच्या पंगतीत मानानं वाढतात आणि ढाब्यांच्या पाट्यांवर तिचं नाव दिसतं. ती मूळची टंचाईची आहे हे पंगतीत कुणी बोलत नाही.

लिहिलेलं आणि न लिहिलेलं

मराठीत पाककृतींची पुस्तकं कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. नवं घर मांडणाऱ्या किती मुलींच्या सामानात ती गेली असेल. या पुस्तकांनी मोठं काम केलं. घरात सांगणारं कुणी नसलं तरी स्वयंपाक अडू नये, ही सोय त्यांनी केली. पण ज्या कामाला एकापेक्षा जास्त माणसं लागतात ते पुस्तकात मावत नाही. पाककृती नेहमी एकटीला उद्देशून लिहिलेली असते.

अर्धा किलो गव्हाच्या कुरडया मी एकटीनं केल्या आहेत, होतात. पाच किलोंच्या होत नाहीत. धार सोडणारी एक, हाटणारी एक, सोऱ्या दाबणारी एक, आणि बाजेवर कपडा अंथरून राखण करणारं एखादं पोर. म्हणून गल्लीत पाळ्या लागत : आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. शेतात यालाच इर्जिक म्हणतात. शेतातल्या इर्जिकीवर बरंच लिहिलं गेलंय. वाळवणाच्या इर्जिकीला तर नावसुद्धा मिळालेलं नाही. १९७२ च्या दुष्काळी कामांवर बायकांनी खडी फोडली तिचा हजेरीपट होता. पहाटे चार वाजता उठून हाटलेल्या चिकाची हजेरी कुणी मांडली नाही. मी हिशेब लिहिणारी बाई आहे, म्हणून मला ही रिकामी रकाना दिसते.

या इर्जिकीत सगळे हात घेतले जात होते असंही नाही. चिकावर विटाळशीची सावली पडली तर तो नासतो, असं अनेक घरांत मानत. चीक नासतो तो पाणी न बदलल्यानं आणि उकाड्यानं. हे पाचव्या पातेल्यानं मला दाखवलं. काही हात जातीमुळे अंगणाबाहेर होते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती आली आहे. त्यातल्या चान्या, म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, त्याच उन्हात वाळल्या ज्यात आमच्या कुरडया वाळल्या. टंचाईच्या महिन्यांसाठी ओल काढून ठेवायची, हे शहाणपण दोन्हीकडं एकच. पण वाळवण म्हटलं की दिवाळी अंकांतून कुरडई-पापड येतात आणि चान्या येत नाहीत. माझ्याही वहीत अशा घरांतले शब्द कमी आहेत. पुढची वर्षं त्या कामाला द्यायची आहेत.

२०१३ च्या उन्हाळ्यात जालन्यात पिण्याच्या पाण्याचीच मारामार होती. रोज पाणी बदलून गहू भिजवण्याची चैन आमच्या गल्लीत कुणाला परवडली नाही. पुढच्या वर्षी पाणी होतं, पण पाळ्या पूर्वीसारख्या लागल्या नाहीत. तोवर काही घरांतल्या मुली पुण्याला आणि छत्रपती संभाजीनगरला गेल्या होत्या, काहींनी बचत गटाकडून कुरडया विकत घ्यायला सुरुवात केली होती. त्यात मला वाईट काही दिसत नाही. उलट, बचत गटाच्या बाईला त्याच कामाचे पैसे मिळतात, तिच्या हजेरीला प्रथमच भाव आला. फक्त एक गोष्ट त्या किमतीत बसत नाही. विकत आणलेल्या कुरडईबरोबर 'चीक फिरला' हे वाक्य घरात येत नाही, आणि ते वाक्य कधी म्हणायचं हे ओळखणारी नजरही येत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायकांकडं आज ती आहे. त्यांच्याकडून ती फोनवर विचारून मिळत नाही, कारण फोनवर त्या 'तीन दिवस' एवढंच सांगतात.

म्हणून आता माझ्या वहीत प्रत्येक पदार्थासमोर चार रकाने आहेत : माप, महिना, कसोटी, किती हात. ज्यांना आपल्या घरचं एखादं खाणं नोंदवून ठेवायचं असेल त्यांना मी एवढंच सुचवते की सांगणाऱ्या बाईसमोर बसून लिहून घेऊ नका, तिच्याबरोबर करा. तिचा हात मूठ भरून पातेल्यावर आला की मध्ये वाटी धरा, ती मूठ वजन करा आणि मग पातेल्यात जाऊ द्या. ती मध्येच थांबली तर का थांबलात ते विचारा. उत्तर बहुधा वास, रंग, आवाज किंवा बोटाचा स्पर्श असं मिळेल. तीच कसोटी, तीच लिहा.

पक्क्या वहीतली 'चीक' ही नोंद आता अशी आहे :

चीक (पुल्लिंगी). भिजवलेल्या गव्हाचा पिळून काढलेला, तळाशी बसणारा पांढरा भाग. माप : घट्ट चिकाएवढंच पाणी. महिना : चैत्र-वैशाखात तीन दिवस भिजवण, पौषात पाच. कसोटी : दाणा चिमटीत दाबल्यावर साल रिकामं होणं; हाटताना पांढरेपणा जाऊन काचेसारखा दिसणं, म्हणजे 'फिरणं'; ओलं बोट न चिकटणं. हात : अर्धा किलोला एकीचे, पाच किलोला तिघींचे. गरम चीक वाटीत घेऊन दूध-साखर घालून आधी पोरांना देतात.